विंडोज अपडेटचा रिव्ह्यू: दोन स्टार, तेही फक्त पॅचेससाठी

लोक लॅपटॉपचे रिव्ह्यू लिहितात, माऊसचे लिहितात, हेडफोनचे तर ढिगाने लिहितात. पण त्याच लॅपटॉपवर रोज मागच्या बाजूला एक सर्व्हिस चालू असते, जिला आपल्याला न विचारता फाइली उतरवायचा, मशीन बंद-चालू करायचा आणि वेळ आली तर अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बदलायचा अधिकार आहे, आणि तिचा रिव्ह्यू मात्र सहसा कुणी लिहीत नाही. म्हणून हा विंडोज अपडेटचा रिव्ह्यू. विंडोज ११ दिसायला कशी आहे, फास्ट आहे का, गेम चालतात का, यातलं काहीच इथे नाही, त्याचे व्हिडिओ हवे तेवढे आहेत. मला बघायचंय ते एवढंच की नवी सिस्टिम तुमच्या मशीनवर येते कशी, आणि तुम्हाला ती नको असेल तर नको म्हणता येतं का, आणि म्हटलेलं नको टिकतं का.

५ पैकी २ स्टार. दोन्ही स्टार सिक्युरिटी पॅचेसचे, म्हणजे सिस्टिममधली भोकं बुजवणाऱ्या छोट्या दुरुस्त्यांचे आहेत, अपग्रेडच्या बाजूला मी एकही देत नाही. का ते सविस्तर लिहितो.

आधी चांगलं. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच येतात, २००३ पासून हा नेम चालू आहे, आणि ते आपोआप लागतात हे बरोबरच आहे. बहुतेक लोक स्वतःहून कधीच पॅच लावणार नाहीत, आणि त्यांनी लावावेत अशी अपेक्षा करणंही चूक आहे, माणसाला आपली कामं असतात. २०१७ मधलं वॉनाक्राय, फाइली लॉक करून खंडणी मागणारा तो व्हायरस, आठवत असेल. ज्या भगदाडातून ते घुसलं त्याचा पॅच मार्चमध्ये येऊन गेला होता, हल्ला झाला १२ मे ला, आणि ज्यांनी दोन महिने पॅच लावलाच नव्हता त्यांची मशीन्स लॉक झाली. ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांत अपॉइंटमेंट आणि ऑपरेशनं रद्द करावी लागली. सपोर्ट कधीच संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा मायक्रोसॉफ्टने तेव्हा तातडीने पॅच सोडला, त्याबद्दल त्यांचं कौतुक करायलाच पाहिजे.

पण याच उदाहरणातली एक गोष्ट लोक विसरतात. वॉनाक्रायमध्ये सापडलेली बहुतेक मशीन्स विंडोज ७ ची होती, आणि विंडोज ७ ला तेव्हा सपोर्ट चालू होता, पॅच उपलब्ध होता. ज्याच्या विंडोज ७ वर तो मार्चचा पॅच लागलेला होता तो त्या हल्ल्यातून वाचला, त्याला विंडोज १० घ्यायची काही गरज पडली नाही. म्हणजे वाचवलं ते पॅचने. अपग्रेड ही निराळी गोष्ट आहे. पॅच काय करतो, तर आहे त्याच सिस्टिममधलं एक भोक बुजवतो, तुमची बटणं, तुमचे प्रोग्राम, तुमची सवय सगळं जागच्या जागी राहतं. अपग्रेडमध्ये खालची सिस्टिमच बदलते, ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्राम) बदलतात, काही गोष्टी गायब होतात, काही नव्या न मागता येतात, प्रायव्हसीची सेटिंग्ज पुन्हा तपासावी लागतात. या दोन गोष्टी एकाच पाइपातून, एकाच नावाखाली, "अपडेट" म्हणून पाठवायच्या आणि मग कुणी अपग्रेडला नको म्हटलं की "तुम्हाला सिक्युरिटी नकोय का" असं विचारायचं, इथेच सगळी गोची आहे.

आता २०१५-१६ चा प्रकार. हे जुनं झालं असं म्हणून सोडून देऊ नका, कारण आज जे चालतं त्याची सगळी बाराखडी तेव्हा गिरवली गेली.

विंडोज १० आली २९ जुलै २०१५ ला, विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना एक वर्ष फुकट. ऑफर म्हणून उत्तम. पण त्याच्या काही महिने आधीच केबी३०३५५८३ या नंबरचं एक अपडेट बाकीच्या अपडेट्सबरोबर लोकांच्या मशीनवर येऊन बसलं होतं, त्यातून खाली घड्याळाशेजारी एक पांढरा लोगो उगवला आणि तो विंडोज १० घ्या म्हणून सांगायला लागला. म्हणजे जाहिरात आली ती अपडेटच्या दारातून. नंतर असं लक्षात आलं की ज्यांनी ऑफर घेतलीच नव्हती त्यांच्याही हार्डडिस्कवर एका लपलेल्या फोल्डरमध्ये नव्या सिस्टिमच्या फाइली उतरवून ठेवल्यात, ६ जीबीपर्यंत. ज्याला मोजून डेटा मिळतो, ज्याची डिस्क आधीच भरत आलीये, त्याला हे परवडतं का असा प्रश्न विचारण्याची तसदी कुणी घेतली नाही. काही दिवस तर त्या खिडकीत दोनच ठळक बटणं होती, एक आत्ता अपग्रेड करा आणि दुसरं आज रात्री अपग्रेड करा. नको हे बटणच नाही.

मग फेब्रुवारी २०१६ मध्ये विंडोज १० ला "रेकमेंडेड" अपडेटचा दर्जा दिला. सरळ अर्थ काय, तर ज्याने कधीकाळी शहाणपणाने, सिक्युरिटीसाठी, "रेकमेंडेड अपडेट्स आपोआप येऊ द्या" ही खूण करून ठेवली होती त्याच्याकडे आता नवी ऑपरेटिंग सिस्टिम आपोआप उतरायला लागली. जुन्या संमतीचा अर्थच मागाहून बदलला. हो म्हणताना माणसाने एका गोष्टीला हो म्हटलेलं असतं, आणि नंतर त्याच होमध्ये दुसरीच गोष्ट घालून दिली तर ती संमती राहत नाही.

आणि मे २०१६ मध्ये तर कळस झाला. खिडकी यायची, त्यात अमुक दिवशी अमुक वाजता तुमचं अपग्रेड ठरलंय असं लिहिलेलं, आणि कोपऱ्यातली फुली दाबून ती बंद केली तर ते ठरलेलं अपग्रेड रद्द व्हायचं नाही, उलट ते मान्य आहे असं धरलं जायचं. रद्द करायची लिंक आत बारीक अक्षरात. कॉम्प्युटर वापरणाऱ्या प्रत्येकाला इतक्या वर्षांत फुली म्हणजे "जा, नको" हेच शिकवलंय, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या डिझाइनच्या नियमांतही टायटल बारवरच्या फुलीचा परिणाम कॅन्सलसारखाच असला पाहिजे, ओकेसारखा कधीही असता कामा नये असं लिहिलेलं होतं. नियम लिहिणाऱ्यांनीच तो मोडला. अमेरिकेत आयोवातल्या एका टीव्ही चॅनलवर तर त्याआधीच, एप्रिलमध्ये, हवामानाचा लाइव्ह कार्यक्रम चालू असताना रडारच्या चित्रावर विंडोज १० घ्या अशी खिडकी येऊन बसली होती, सगळ्या प्रेक्षकांदेखत.

याची किंमत कंपनीने थोडीफार मोजली. कॅलिफोर्नियातल्या एका ट्रॅव्हल एजंट बाईंनी दावा लावला की न मागता आलेल्या अपग्रेडने धंद्याचं मशीन बिघडलं, त्यांना १०,००० डॉलर मिळाले, कंपनीने अपील मागे घेतलं. जून २०१६ च्या अखेरीस खिडकी बदलली, "ऑफर नाकारा" असं स्पष्ट लिहिलेली जागा शेवटी आली आणि फुलीचा अर्थ परत फुली झाला. म्हणजे फुकट ऑफर संपायला जेमतेम महिना उरलेला असताना. डिसेंबरमध्ये कंपनीचे मार्केटिंगचे प्रमुख क्रिस कापोसेला यांनी एका मुलाखतीत मान्य केलं की फुलीच्या बाबतीत आम्ही हद्द ओलांडली. आणि २०१७ मध्ये जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या ग्राहक केंद्राने कोर्टात खेचल्यावर कंपनीने लिहून दिलं की संमतीशिवाय नव्या सिस्टिमच्या फाइली लोकांच्या डिस्कवर उतरवणार नाही.

पण खरं नुकसान यातल्या कशानेच भरून आलं नाही. त्या वर्षात बऱ्याच लोकांनी अपडेट्स बंद केले. सगळेच. कारण कुठला पॅच आणि कुठलं अपग्रेड हे ओळखायचा साधा मार्ग नव्हता, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि मग वर्षभराने वॉनाक्रायसारखं काही आलं की याच लोकांना बेजबाबदार म्हणायचं. त्यांचा विश्वास कुणी मोडला? अपग्रेडची सक्ती करून सिक्युरिटी वाढते असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला पाहिजे, कारण पॅच आपोआप लागू देणं हे सगळं विश्वासावरच चालतं, तो विश्वास जाहिरातीसाठी खर्च केला की पुढच्या वेळी खऱ्या संकटात तो शिल्लक राहत नाही.

विंडोज १० चा पुढचा काळ थोडक्यात सांगतो. होम एडिशनवाल्यांना सुरुवातीची काही वर्षं मोठं अपडेट पुढे ढकलायची धड सोयच नव्हती, प्रोवाल्यांना होती, म्हणजे नको म्हणायचा हक्क जास्त पैसे देणाऱ्याला. ऑक्टोबर २०१८ चं मोठं अपडेट काही दिवसांतच मागे घ्यावं लागलं कारण काहींच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली त्यात पुसल्या गेल्या. कंपनी म्हणाली की असं फक्त ०.०१ टक्के मशीन्सवर झालं. मान्य, आकडा छोटा आहे. पण ते अपडेट तेव्हा ज्यांनी स्वतः "चेक फॉर अपडेट्स" हे बटण दाबलं त्यांना जात होतं, आणि त्यातल्या कितीतरी जणांना वाटलं असणार की आपण फक्त काही नवीन आलंय का ते बघतोय. बघणं आणि मागणं यात फरक आहे, तो त्या बटणाने धरला नव्हता. मे २०१९ पासून हे सुधारलं हेही लिहायला पाहिजे: होमलाही ३५ दिवसांपर्यंत अपडेट्स थांबवायची सोय आली आणि मोठं व्हर्जन वेगळं दिसायला लागलं, त्याच्याखाली "डाउनलोड अँड इन्स्टॉल" असं वेगळं बटण. हे मला मनापासून आवडलं. इतकं सोपं होतं ते. पण जुन्या व्हर्जनची मुदत संपत आली की ते बटण तुम्ही दाबा न दाबा, नवं व्हर्जन येतंच, आणि होम-प्रोच्या प्रत्येक व्हर्जनची मुदत विंडोज ११ मध्ये २४ महिनेच आहे. म्हणजे तो नकार दोन वर्षांपुरताच टिकतो.

आता विंडोज ११. ही आली ५ ऑक्टोबर २०२१ ला आणि इथे सक्ती दोन्ही बाजूंनी आहे. ज्याचं मशीन चालण्यासारखं आहे त्याला ढकलायचं, आणि ज्याचं मशीन बसत नाही त्याला दुकानाकडे ढकलायचं. अटी बघा: टीपीएम २.० (मशीनमधली सिक्युरिटीची चिप), सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, म्हणजे २०१७ च्या अखेरीनंतरचा. त्याआधीचं मशीन कितीही ठणठणीत असू दे, १६ जीबी रॅम असू दे, एसएसडी असू दे, ते बाद. टीपीएमचा फायदा खरा आहे, एन्क्रिप्शनची किल्ली चिपमध्ये सुरक्षित राहते, पासवर्ड चोरणं अवघड होतं, ते मी नाकारत नाही. पण माझ्या मशीनमध्ये कमी सुरक्षा चालेल का हे ठरवताना मला कुणी विचारलं नाही, मुदत जाहीर झाली, १४ ऑक्टोबर २०२५, आणि त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने २०२३ च्या शेवटी अंदाज दिला होता की यामुळे साधारण २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात. चालू स्थितीतले कॉम्प्युटर. एवढं लोखंड, तांबं, प्लॅस्टिक, बनवताना खर्च झालेलं पाणी आणि वीज, आणि कारण काय तर पॅच देणं थांबवलं.

आणि दरम्यान २०२४ मध्ये विंडोज १० वाल्यांना अख्खा स्क्रीन व्यापणाऱ्या, एकामागून एक पानं असलेल्या सूचना येत राहिल्या. त्यातली बटणं नीट वाचा. "नंतर आठवण करा" हे असतं, "नको, परत विचारू नका" हे सापडत नाही. काही दिवसांनी परत हजर. भीक नको पण कुत्रं आवर अशी माणसाची गत होते आणि कंटाळून तो एक दिवस हो म्हणतो. थकवून घेतलेल्या होला मी संमती मानत नाही.

आता मुद्दा येतो तो ईएसयूचा, म्हणजे एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात बोलका भाग हाच आहे. सपोर्ट संपताना कंपनीने घरगुती वापरणाऱ्यांसाठी जाहीर केलं की आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, विंडोज १० ला पॅच मिळतील. कसे? ३० डॉलर द्या, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या रिवॉर्ड्स योजनेचे १,००० पॉइंट द्या, नाहीतर सेटिंग्जचा बॅकअप कंपनीच्या क्लाउडवर चालू करा, मग फुकट. तिन्हीत मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतंच. बिझनेसवाल्यांना पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, तीन वर्षांपर्यंत. आणि युरोपमध्ये ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथल्या लोकांना बॅकअपची अट काढून टाकली, आणि पैसेही लागत नाहीत.

याच्याहीपुढे जाऊन बघा. विंडोज १० चीच एलटीएससी नावाची एडिशन आहे, मोठ्या संस्थांसाठी, तिच्या २०२१ च्या आवृत्तीला पॅच मिळणार जानेवारी २०२७ पर्यंत, आणि तिचीच आयओटी म्हणून जी आवृत्ती मशिनरीत, काउंटरवरच्या यंत्रांत, मेडिकल उपकरणांत बसवतात तिला जानेवारी २०३२ पर्यंत. २०३२! म्हणजे विंडोज १० ला पॅच करणं शक्य आहे, पॅच लिहिले जाणारच आहेत, माणसं त्यावर काम करणारच आहेत. फक्त तुम्हाला-मला द्यायचे की नाही हा धंद्याचा निर्णय आहे. तो घ्यायचा त्यांना हक्क असेल, पण मग "तुमच्या सुरक्षेसाठी अपग्रेड करा" असं म्हणू नये. स्पष्ट सांगावं की जुनी सिस्टिम सांभाळणं आम्हाला महाग पडतं, आम्हाला तुम्ही नव्यावर हवे आहात. तेवढा प्रामाणिकपणा असता तर मी अर्धा स्टार वाढवला असता.

कुणी म्हणेल एवढं काय त्यात, नवीन शिकायला काय हरकत आहे. हरकत प्रत्येकाची वेगळी असते आणि ती ज्याची त्यालाच माहीत असते, म्हणून तर निवड त्याची पाहिजे. एखाद्याकडे जुना स्कॅनर असतो, कंपनीने त्याचा ड्रायव्हर नव्या सिस्टिमसाठी काढलाच नाही, यंत्र चांगलं आहे पण अपग्रेड झालं की ते टेबलावरचं वजन. गाणी रेकॉर्ड करणारे लोक ऑडिओ इंटरफेस आणि प्लगइन एकदा जमले की वर्षानुवर्षं हात लावत नाहीत, आणि ते बरोबर करतात. लॅबमध्ये एखादं उपकरण एका ठरावीक सॉफ्टवेअरच्या ठरावीक व्हर्जनशीच बोलतं. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या, डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला मेनू जागचा हलला तर सगळा रस्ता परत पाठ करावा लागतो. वय झालेल्या माणसांचंही तेच, त्यांनी बटणाची जागा लक्षात ठेवलेली असते. विंडोज ११ आली तेव्हा टास्कबार वरच्या बाजूला किंवा कडेला नेता येणं बंद केलं होतं, आता हे छोटं वाटतं, पण ज्याने पंधरा वर्षं तो डाव्या कडेला ठेवून काम केलंय त्याचा हात रोज चुकणार. यातलं कुठलंच कारण "टेक्नॉलॉजीची भीती" नाहीये. आपलं काम ज्याच्यावर चालतं ते हत्यार स्थिर असावं एवढीच मागणी आहे.

आणि परतीचा रस्ता? अपग्रेड झाल्यावर जुन्या सिस्टिमवर परत जायची मुदत १० दिवस. आधी ३० होती, ती कमी केली. वर्षातून एकदा लागणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर चालत नाही हे १० दिवसांत कसं कळणार?

आत्ता हातात काय आहे ते सांगतो. पहिलं म्हणजे अपडेटची सर्व्हिस मुळापासून बंद करू नका, त्याने पॅचही जातात आणि मग खरंच धोका आहे. त्याऐवजी मशीनला सांगा की अमुक व्हर्जनच्या पुढे जायचं नाही. प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्ज बदलायचं टूल) विंडोज अपडेटच्या भागात "सिलेक्ट द टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन" अशी सेटिंग आहे, तिच्यात प्रॉडक्ट म्हणून विंडोज १० आणि व्हर्जन म्हणून २२एच२ (विंडोज १० चं शेवटचं व्हर्जन) भरा, अपग्रेड थांबेल आणि ईएसयूत नाव असेल तर पॅच येत राहतील. होममध्ये ग्रुप पॉलिसीची खिडकी नसते, पण हीच नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जची आतली नोंदवही) करता येते, आणि सिक्युरिटीचे जाणकार स्टीव्ह गिब्सन यांचं इनकंट्रोल नावाचं छोटं फुकट टूल ती एका क्लिकवर करून देतं. हेच गिब्सन, ज्यांनी २०१६ मध्ये विंडोज १० चं अपग्रेड अडवणारं नेव्हर१० काढलं होतं. एका बाहेरच्या माणसाला दोनदा असं टूल लिहावं लागतं, हाच माझ्या दृष्टीने या सर्व्हिसवरचा शेरा आहे. डेटा मोजून मिळत असेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये ते कनेक्शन "मीटर्ड" करून ठेवा, मोठ्या फाइली आपोआप उतरणं बरंच कमी होतं. काही जण बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीची मशीनची मूळ सेटिंग्ज) जाऊन टीपीएमच बंद करायला सांगतात म्हणजे मशीन अपग्रेडला अपात्र ठरेल, तो उद्योग करू नका, डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल आणि रिकव्हरी की जवळ नसेल तर आपल्याच फाइली आपल्याला उघडता येणार नाहीत.

बाकीच्यांशी तुलना केल्याशिवाय रिव्ह्यू पुरा होत नाही. ॲपलकडे आयफोनवर नवी सिस्टिम घेतली की थोड्याच दिवसांत ॲपल जुनीला सही (ती बसवायची परवानगी) देणं बंद करतं, मग परत जाता येत नाही, १० दिवसही नाहीत. २०२१ मध्ये आयओएस १५ आली तेव्हा त्यांनी १४ वरच राहून सिक्युरिटी पॅच घ्यायची सोय दिली होती, फार चांगली गोष्ट होती ती, पण जानेवारी २०२२ मध्ये ती गेली. २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगाने ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड केला, कारण जुन्या फोनवर न पेलणारी अपडेट्स घ्यायला लावली आणि त्याने फोन मंद पडले, वर परत जायचा मार्ग दिला नाही. ॲपलच्या दंडाचा अर्धा भाग बॅटरीबद्दल नीट माहिती न दिल्याचा होता. या निकालात परतीचा मार्ग नाही ही गोष्ट सरकारी संस्थेने दोष म्हणून धरली, ते मला महत्त्वाचं वाटतं. अँड्रॉइडचं दुखणं उलटं, तिथे बऱ्याच फोनना पॅचच वेळेवर येत नाहीत.

लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी एक फुकट सिस्टिम, मात्र मला हवं तसं वागतं. अपडेट मॅनेजर यादी दाखवतो, त्यात सिक्युरिटीचं कुठलं आणि साधं कुठलं हे वेगळं कळतं, एखादं पॅकेज नको असेल तर त्याला बाजूला ठेवता येतं, आधी टाइमशिफ्ट या टूलने स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची आहे तशी प्रत, घेता येतो म्हणजे बिघडलं तर मागे, आणि नवीन व्हर्जन निघालं तर तुम्ही मागितल्याशिवाय ते येत नाही. एका व्हर्जनला साधारण पाच वर्षं पॅच मिळतात. सगळं लिनक्स असं नाही हेही खरं, उबुंटू या दुसऱ्या लिनक्समधले स्नॅप नावाच्या पद्धतीचे प्रोग्राम दिवसातून चार वेळा स्वतःहून अपडेट तपासतात, आणि ते कायमचं थांबवायची सोय लोकांनी कितीतरी वर्षं मागितल्यावर २०२२ च्या शेवटी आली. पण आली. "एंड ऑफ १०" नावाची मोहीम केडीई (लिनक्सचं सॉफ्टवेअर बनवणारा गट) आणि इतर लोकांनी मिळून चालवली, विंडोज १० ची मशीन्स फेकू नका, त्यांवर लिनक्स टाका म्हणून. ज्याचं काम ब्राउझर आणि ऑफिसच्या फाइलींवर भागतं त्याने जरूर बघावं. ज्याचं एखादं खास सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं त्याला हा सल्ला देऊन उपयोग नाही, त्याला विंडोजवरच नको म्हणायचा हक्क मिळाला पाहिजे.

तो हक्क कायद्यात कसा लिहिता येतो याचा नमुना आहे. युरोपियन युनियनच्या २०१९/७७० या डायरेक्टिव्हचं (सदस्य देशांना लागू असलेला कायदेशीर आदेश) कलम १९ म्हणतं की डिजिटल सामग्रीत किंवा सेवेत विकणाऱ्याने असा बदल केला की ग्राहकाच्या वापराला किरकोळ नव्हे इतका फटका बसतो, तर ग्राहक ३० दिवसांत करार मोडू शकतो, मात्र विकणाऱ्याने जुनी, न बदललेली आवृत्ती जादा पैसे न घेता, नीट चालत्या स्थितीत ठेवायची मुभा दिली असेल तर नाही. म्हणजे कंपनीलाच सुटकेचा मार्ग दाखवलाय: जुनं ठेवू द्या, भांडण मिटलं. मला हेच सगळीकडे हवंय. अपग्रेडच्या खिडकीत हो जेवढं मोठं तेवढंच नको मोठं असावं, एकदा नको म्हटलं की माणूस स्वतः येईपर्यंत परत विचारू नये, आणि मशीन विकताना पॅच किती वर्षं मिळतील ते खोक्यावर छापावं म्हणजे घेणारा हिशेब करून घेईल.

तुमच्याकडे अजून विंडोज १० असेल तर रन बॉक्समध्ये (विंडोज आणि R ही बटणं एकत्र दाबून) winver टाइप करून २२एच२ आहे का ते बघा, ईएसयूला तेच व्हर्जन लागतं. मग सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ईएसयूची लिंक दिसेल, १३ ऑक्टोबर २०२६ च्या आत कधीही नाव नोंदवता येतं आणि उशिरा आलात तरी मधले राहिलेले पॅच मिळतात. एका नोंदणीत १० मशीन्स बसतात, म्हणजे घरातल्या सगळ्यांची एकाच अकाउंटवर होऊन जातील. क्लाउडवर बॅकअप नको असेल तर तो पर्याय सोडून पॉइंट किंवा पैसे निवडा, आणि त्याआधी फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा.